उभ्या गाडीचे आजार : जग्वारच्या सहा सिलिंडरी इंजिनाची देखभाल

एप्रिल उजाडला की ब्रिटनमधील गराजांतून हिवाळाभर आच्छादनाखाली निजलेल्या जुन्या गाड्या बाहेर येऊ लागतात. आता त्यांच्या मालकांत मराठी नावेही दिसतात. स्थिरावलेली नोकरी, मुले मार्गी लागलेली, आणि तरुणपणी फक्त मासिकांच्या मुखपृष्ठावर पाहिलेली जग्वार आवाक्यात आलेली! अशा गाडीला सरकारनेही सवलत दिली आहे. चाळीस वर्षांहून जुनी आणि गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार न झालेली गाडी मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून मुक्त आहे. गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकावरच राहते. वर्षातून एकदा ब्रेक आणि चाके पाहणारा तिऱ्हाईत डोळा गेला, हा या सवलतीचा फारसा कोणी लक्षात न घेतलेला परिणाम आहे.

या गाड्यांचे प्राण असलेले एक्सके इंजिन १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात एक्सके १२० या गाडीतून लोकांसमोर आले. युद्धकाळात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री आगीवर पहारा देताना विल्यम हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कल्पना रंगवली होती. एका ओळीतील सहा सिलिंडर, सात मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. पुढे ३.४, ३.८ आणि ४.२ लिटर अशा आकारांत हे इंजिन मार्क २, ई-टाइप आणि एक्सजे ६ या गाड्यांत बसले. ल मान्सची शर्यत त्याने पाच वेळा जिंकून दिली आणि १९९२पर्यंत ते उत्पादनात राहिले. ओळीतील सहा सिलिंडरांत पिस्टनांच्या वरखाली हालचालीने निर्माण होणारे धक्के एकमेकांना छेद देतात, म्हणून हे इंजिन इतके मऊ चालते. आतून आजारी असले तरीही ते बरेच दिवस मऊच चालते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

पहिला आजार पाण्याचा. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. दोन भिन्न धातू एकाच पाण्यात राहिले की मऊ धातू झिजू लागतो. अँटिफ्रीझमधील गंजरोधक द्रव्ये ही झीज रोखून धरतात, पण जुन्या धाटणीच्या अँटिफ्रीझमध्ये त्यांचा जोर साधारण दोन वर्षांत ओसरतो. गाडी किती मैल धावली याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. चारच उन्हाळी सहली केलेल्या गाडीचे पाणीही तितक्याच वेगाने शिळे होते. शिवाय गंजाचा गाळ पाण्याच्या पंपापासून सर्वांत दूर, म्हणजे ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचतो. (जग्वारने सिलिंडरांची मोजणीही मागूनच केली आहे. पहिला सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूचा. १-५-३-६-२-४ हा ठिणगीचा क्रम पाठ असलेल्या नवख्याने तो पुढून मोजला की सगळ्याच वायरी चुकतात.) परिणाम असा, की समोरचा काटा समाधानकारक तापमान दाखवत असताना मागचे सिलिंडर तापत राहतात आणि एके दिवशी हेड वाकते.

म्हणून पाणी बदलताना केवळ रेडिएटर रिकामा करून भागत नाही. ब्लॉकच्या मागच्या बाजूची तोटीही उघडावी लागते. ती उघडल्यावर थेंबही आला नाही, तर तिथे पाणी नाही असे समजू नये. तिथे गाळ आहे. तार घालून तो मोकळा करावा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ब्लॉक दोन्ही दिशांनी धुवून काढावा. पुढच्या काळातील ४.२ लिटरच्या इंजिनांत हेड धरणारे लांब स्टड थेट पाण्याच्या जागेतून खाली जातात. ते गंजून जखडले की साधे गॅस्केट बदलण्यासाठी हेड उचलायलाच अनेक दिवस लागू शकतात. दोन वर्षांनी बदललेले काही लिटर अँटिफ्रीझ आणि हे काम, यांच्या खर्चाची तुलनाच नको.

भारतात गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जुनी सवय आहे. या इंजिनावर तो उपाय उलटतो. थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वगळणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट सताड उघडी राहते आणि बरेचसे पाणी थंड न होताच पुन्हा इंजिनात शिरते.

आवाजाबाबत मालकांची समजूत नेमकी उलटी असते. टॅपेटची हलकी टिकटिक ऐकून ते धास्तावतात. वस्तुतः किंचित आवाज करणारा टॅपेट निरोगी असतो. धोका असतो तो मुक्या टॅपेटचा. फट नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि त्याची कड जळते. ई-टाइप आणि मार्क २ मध्ये ही फट आतल्या हवेच्या बाजूला ०.००४ इंच आणि धुराच्या बाजूला ०.००६ इंच. ती जुळवण्यासाठी स्क्रू नाही. कॅमशाफ्ट उतरवून टॅपेटखालची चकती, म्हणजे शिम, बदलावी लागते. या चकत्यांवर ए ते झेड अक्षरे असतात, ए म्हणजे ०.०८५ इंच आणि पुढे प्रत्येक अक्षराला एक हजारांश इंचाची वाढ. आधी बाराही फटी मोजून कागदावर मांडाव्यात, मगच काही सोडवावे. साखळी सुटलेली असताना क्रँक किंवा बसवलेला कॅमशाफ्ट बेसावधपणे फिरवला तर व्हॉल्व्ह परस्परांवर किंवा पिस्टनवर आपटून वाकतात.

ऑइलच्या दाबाचेही तसेच. गरम इंजिनाला ३,००० फेऱ्यांवर सुमारे ४० पौंडांचा दाब हवा. काटा २० दाखवतो म्हणून इंजिन उघडणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या गाड्यांतील दाब सांगणारा विद्युत सेन्सर खोटे बोलण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आधी साधा यांत्रिक मापक जोडून खरे काय ते पाहावे. मागच्या दोरीच्या सीलमधून चार थेंब जमिनीवर पडत असतील तर खाली पत्रा ठेवावा. तेवढ्यासाठी इंजिन बाहेर काढू नये. क्लचसाठी ते कधीतरी काढावे लागेलच, तेव्हा सीलही बदलता येते.

पेट्रोलकडे मात्र दुर्लक्ष चालत नाही. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, चिरतात, आणि त्यांच्याखाली तापलेले इंजिन असते. एचडी जातीच्या एसयू कार्बोरेटरांतील रबरी पडदेही असेच जातात. पाच टक्के इथेनॉलचे सुपर पेट्रोल भरावे आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. कार्बोरेटरांचे सूर जुळवण्याचे सुख त्यानंतरचे.

सर्वांत गंभीर प्रश्न ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. उभ्या गाडीतही ते शोषतच असते. कॅलिपरमधील पिस्टन गंजतात, आणि लांब उतारावर तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल थेट खाली जाते. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसून आतून सुजलेले असतात, त्यामुळे पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. ई-टाइप आणि एक्सजे ६ मध्ये मागच्या डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शियलला चिकटून आहेत. डिस्कच्या उष्णतेने शेजारची ऑइल सील कडक होतात आणि गळलेले ऑइल डिस्कवर येते. चाकाच्या फटीतून डोकावून यातले काहीच दिसत नाही. नीट काम करायचे तर मागची सगळी चौकट खाली उतरवावी लागते. मजुरीचे बहुतेक तास तिथवर पोहोचण्यातच जातात, म्हणून एकदा ती उतरली की सील, पॅड, कॅलिपर आणि हातब्रेक एकदमच उरकावेत.

विकत घेतलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले याची पावती नसेल, तर ते बदललेलेच नाही असे धरावे. रंग, क्रोम आणि गाद्यांची चमक कितीही असो, पहिला खर्च ब्रेक, नळ्या आणि पाण्यावर व्हावा. एमओटी सक्तीची नसली तरी स्वेच्छेने करून घेता येते. गाडी हिवाळ्यातून बाहेर काढल्यावर, पहिल्या लांब सहलीच्या आधी, ती करून घ्यावी. लिफ्टवर चढलेल्या गाडीखाली उभे राहून मालकाने त्या मागच्या डिस्क एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात.