बर्गर येतो कुठून?

वाकोल्याच्या पुलावरून वांद्र्याकडे सरकणाऱ्या गर्दीत अधूनमधून एखादा बंद रेफ्रिजरेटेड ट्रक दिसतो. आत पार्टिशन घातलेले कप्पे असतात: गोठलेल्या टिक्क्या उणे १८ अंशांना, भाजी आणि चीज ४ अंशांच्या आसपास, पाव साध्या हवेत.

मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये वांद्र्याला दुकान उघडलं, पण पुरवठ्याची जुळवाजुळव त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून चालू होती. टिक्क्या तळोजाच्या, चीज बारामतीचं, आइसबर्ग लेट्यूस तळेगावच्या शेतांतला. तोडल्यावरही लेट्यूस श्वास घेत राहतो, स्वतःच्याच उष्णतेने कोमेजतो. म्हणून तो कापल्याबरोबर थंड करावा लागतो. दुकानातल्या फ्रीजवर भिस्त ठेवली, तर फार उशीर झालेला असतो.

बटाट्याचं गणित उलटं. घरगुती बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांना टिकतो, पण त्या थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर फ्राइज काळपट, कडवट निघतात. फ्राइजचा बटाटा त्यामुळे थोड्या उबदार गोदामात ठेवतात. शिवाय त्यात पाणी कमी लागतं. असा बटाटा पुरेसा मिळेना तेव्हा सुरुवातीला फ्राइज परदेशातून आणाव्या लागल्या. पुढे गुजरातेतल्या शेतकऱ्यांनी वेगळ्या वाणांची लागवड केली आणि मेहसाण्यात कारखाना उभा राहिला. या साखळीतलं सर्वांत मोलाचं काम शेतकऱ्यांचंच.

तरीही २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो महागले, चांगला माल मिळेना, तेव्हा देशातल्या अनेक मॅकडोनाल्ड्समधल्या बर्गरमधून टोमॅटो गायब झाला. फ्राइज गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येतात, टोमॅटोची ताजी चकती नाही.