‘पारशी’ म्हणजे कोण? घटस्फोटाच्या कायद्यातील एका शब्दाची हकीकत

शब्दाचा अर्थ सांगणे हे कोशकाराचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोशकाराने अर्थ थोडा अधिक व्यापक किंवा थोडा संकुचित दिला, तर पंडितांत चार दिवस वाद होतो आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती होते. न्यायाधीशाने दिलेल्या अर्थाचे तसे नसते. त्याने एका शब्दाचा अर्थ ठरविला की कोणाचा विवाह मोडतो, कोणाचा मोडत नाही, कोणाला अग्यारीची पायरी चढता येते आणि कोणाला ती चढता येत नाही. ‘पारशी’ हा असाच एक शब्द आहे. आम्हां सुरतकरांच्या रोजच्या बोलण्यातला हा शब्द. रुस्तमपुऱ्यातून वा नानपुऱ्यातून जाताना त्याचा अर्थ विचारावा, असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु इंग्रजी अंमलातील न्यायालयांना तो विचारावा लागला, आणि त्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत.

प्रारंभ करावयाचा तो १८५६ सालापासून. एका पारशी स्त्रीने, पतीने आपल्याला नांदवावे व आपल्या निर्वाहाची सोय करावी, म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या धर्मविषयक शाखेत दावा आणला होता. तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेथील न्यायमूर्तींनी असे ठरविले की, ही शाखा इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मन्यायालयांच्या नमुन्यावर उभारलेली आहे. ख्रिस्ती विवाहाच्या कल्पना पारशी विवाहाला लावता येणार नाहीत. म्हणून या शाखेला असा दावा चालविण्याचा अधिकार नाही. तर्क बिनतोड होता. पण त्या तर्काने त्या स्त्रीच्या पदरात काय पडले? मुंबईच्या पारशांना अनेक बाबतींत इंग्रजी कायदा लागू होई. केवळ विवाहाच्या बाबतीत तो लागू नाही, आणि त्याच्या जागी दुसराही कोणता नाही, असे या निकालाने उघड झाले.

सुरतेची स्थिती याहून निराळी होती, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. मोफसलातील दिवाणी न्यायालये एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनप्रमाणे चालत. त्यात सरकारी कायद्यानंतर देशरिवाजाला मान होता, त्यानंतर प्रतिवादीच्या धर्मशास्त्राला, आणि हे सर्व अपुरे पडले तर न्याय, समता व सद्सद्विवेक यांना. याचा अर्थ असा की, एकाच कुळातील दोन भावांपैकी एक मुंबईच्या किल्ल्यात राहिला व दुसरा सुरतेस राहिला, तर त्या दोघांना दोन कायदे लागत. पारशी समाजाने स्वतःचा कायदा मागितला तो या विसंगतीमुळेच. १८५५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरली; पुढे सरकारने आयोग नेमला; मुंबईकर आणि मोफसलातील पारशी यांच्यात वारसाहक्काच्या प्रश्नावर बरीच रस्सीखेच झाली; आणि अखेर १८६५ साली पारशी विवाह व घटस्फोटाचा कायदा अस्तित्वात आला.

या कायद्याचे विशेष थोडक्यात सांगतो. आशीर्वादाचा विधी पारशी धर्मगुरूने दोन पारशी साक्षीदारांसमक्ष केल्यावाचून विवाह कायदेशीर होत नसे. द्विभार्या प्रथा बंद झाली. पारशांसाठी स्वतंत्र विवाह न्यायालयांची तरतूद झाली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा-शहरांत मुख्य न्यायालये व बाकीची जिल्ह्यांत. सुरतेचे न्यायालय त्या दुसऱ्या प्रकारातले. न्यायाधीश कोणत्याही वंशाचा असो, त्याच्या शेजारी पारशी समाजातील प्रतिनिधी बसत आणि वस्तुस्थितीचा निर्णय तेच करीत. समाजाने आपल्या घरातील भांडण आपल्याच वडीलधाऱ्यांकडून तोडून घ्यावे, पण त्या निवाड्याला सरकारी शिक्का असावा, अशी ही युक्ती होती. स्त्रीपुरुषांना मात्र एकाच मापाने मोजलेले नव्हते. पत्नीचा व्यभिचार पतीला घटस्फोटास पुरेसा होता. पतीचे वेश्यागमन तेवढ्यावरून पत्नीला घटस्फोट मिळवून देत नसे. हा भेद १९३६ च्या नव्या कायद्याने दूर झाला.

पण ज्यांच्यासाठी कायदा केला ते पारशी कोण, हे मात्र १८६५ च्या कायद्याने सांगितले नाही. सांगण्याची गरजच कोणाला वाटली नसावी. जे सर्वांना ठाऊक असते, त्याची व्याख्या कोण करीत बसतो?

ही उणीव उघडी पडली ती घटस्फोटाच्या दाव्यात नव्हे. रतनजी दादाभाई टाटा, जन्माने नवसारीचे, यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच स्त्रीशी विवाह केला. तिची नवजोत झाली व सुनीबाई हे नाव तिला मिळाले. आता ती पारशी झाली काय? दोखम्याचा, अग्यारीचा, पंचायतीच्या दानधर्माचा लाभ तिला मिळावा काय? या व अन्य प्रश्नांवर सर दिनशा माणेकजी पेटिट प्रभृतींनी पारशी पंचायतीच्या विश्वस्तांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. विश्वस्तांचे प्रमुख होते सर जमशेटजी जीजीभाई. खटला चालला तो न्यायमूर्ती दावर व न्यायमूर्ती बीमन यांच्यापुढे. दावर हे नाव मराठी वाचकाला निराळ्याच कारणाने विसरता येणारे नाही; २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती ते हेच. त्यानंतर चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १९०८ मध्ये, ‘पारशी’ या शब्दाचा अर्थ त्यांनी सांगितला.

दावर स्वतः पारशी होते, बीमन इंग्रज. दोघांच्या विचारसरणीत फरक होता, निष्कर्ष मात्र एकाच दिशेने गेला. झरथुष्ट्री धर्मात परक्याला प्रवेश आहे की नाही, याविषयी ग्रंथ आणि रिवायती, म्हणजे गुजरातच्या पारशांनी इराणातील दस्तुरांशी केलेला जुना पत्रव्यवहार, यांचे पुष्कळ मंथन झाले. आणि धर्म परक्याला घेण्यास मनाई करीत नाही, असेच त्यातून दिसले. तरीही न्यायालयाने म्हटले की, प्रश्न झरथुष्ट्री कोण हा नसून पारशी कोण हा आहे. पंचायतीला देणग्या देणाऱ्या पूर्वजांच्या मनात ‘पारशी’ म्हणजे एक कुलपरंपरा होती. तिच्यात बाहेरचा माणूस धर्म स्वीकारून येऊ शकत नाही. त्यानुसार पारशांचे तीन वर्ग सांगण्यात आले: मूळ इराणी निर्वासितांचे वंशज, ज्यांचे मातापिता दोघेही झरथुष्ट्री आहेत व जे स्वतः तो धर्म पाळतात, असे, इराणातून तात्पुरते वा कायमचे हिंदुस्थानात आलेले झरथुष्ट्री इराणी, आणि पारशी पिता व परजातीय माता यांची, धर्मात विधिपूर्वक घेतलेली मुले.

बीमनसाहेबांच्या विवेचनातील एक मुद्दा आम्हांस फार बोलका वाटतो. हिंदूंच्या शेजारी शतकानुशतके राहून पारशांनी आपल्या धर्मसंघाला जातीचे रूप दिले आहे, अशा आशयाचे मत त्यांनी मांडले. म्हणजे इराणातील एका प्रांताच्या नावावरून निघालेला शब्द, त्याचा अर्थ गुजरातच्या जातिव्यवस्थेवरून लावला गेला, आणि त्या अर्थाला नाव मिळाले वंशाचे! वंश, जात आणि धर्म या तीन कल्पना येथे एकाच शब्दात अशा मुरल्या आहेत की त्या निरनिराळ्या काढणे कठीण. आमच्या शाळेच्या प्रवेशपुस्तकात धर्माचा रकाना वेगळा व जातीचा वेगळा आहे. पारशी विद्यार्थ्याचे नाव घालताना त्या दोन रकान्यांत काय लिहावे, याबद्दल दर जूनमध्ये कारकून आम्हांस विचारतो, आणि आम्ही कोणत्या आधारावर उत्तर देतो हे त्याने विचारू नये अशी आमची इच्छा असते.

याच गुजरातेत, याच उच्च न्यायालयाने ‘जात’ या शब्दाला किती निराळी वागणूक दिली होती, तेही पाहण्यासारखे आहे. तळपदा कोळ्यांत पहिल्या नवऱ्याला सोडून स्त्रीने दुसऱ्याशी नातरे करण्याचा रिवाज होता. आपल्याकडील पाट आणि काडीमोड यांचे हे भावंडच. १८६४ साली हा रिवाज न्यायालयापुढे आला. पहिल्या नवऱ्याच्या हयातीत व त्याच्या संमतीवाचून केलेले असे नातरे हिंदू धर्मशास्त्राच्या आत्म्याविरुद्ध आहे, म्हणून त्याला मान्यता देता येत नाही, असा निर्णय झाला. प्रश्न साधा दंडविधानातील होता, पण त्याची झळ घटस्फोटाला लागली. पुढे १८७६ साली, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, हेही सांगितले गेले. कोळ्यांची जात बोलली तर तिचे ऐकावयाचे नाही, आणि पारशांना मात्र जातीचा दर्जा देऊन तिच्या भिंती अधिक उंच करावयाच्या, हा भेद आम्हांस सयुक्तिक वाटत नाही. पारशी समाज श्रीमंत होता, त्याचे वकील नामांकित होते, आणि त्याच्या मागणीवरून कायदा झाला होता, एवढे त्याचे स्पष्टीकरण आम्हांस सुचते.

वंशवाचक शब्दांची हीच संदिग्धता अन्य समाजांच्या वैवाहिक कायद्यांतही आढळते. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा १८६६ चा कायदा घ्या. नवख्रिस्ती झालेल्या माणसाला पूर्वाश्रमीच्या जोडीदाराने टाकले तर त्याला मोकळे होता यावे, हा त्याचा हेतू. त्यात ‘नेटिव्ह’ पती व ‘नेटिव्ह’ पत्नी असे शब्द आहेत. ‘नेटिव्ह’ म्हणजे या देशातला माणूस, असे आपण म्हणू. कायद्याची व्याख्या पाहिली तर ब्रिटिश हिंदुस्थानात अधिवास असलेली, पण ख्रिस्ती, मुसलमान किंवा यहुदी नसलेली व्यक्ती! शब्द वंशाचा, आशय धर्माचा. उलट १९२५ च्या वारसा कायद्यात ‘इंडियन ख्रिश्चन’ कोण, हे सांगताना धर्मापाठोपाठ निर्भेळ आशियाई वंशाची अट घातली गेली. एकीकडे वंशाच्या शब्दात धर्म भरलेला, दुसरीकडे धर्माच्या शब्दात वंश.

पुन्हा पारशांकडे येऊ. १९२५ साली रंगूनहून आलेल्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे एका मुलीचा प्रश्न होता. आई पारशी, पिता गोव्याकडील ख्रिस्ती असे सांगितले जाई. पारशी कुटुंबाने तिला वाढविले, तिची नवजोत केली. अग्यारीत येण्याचा हक्क तिला नाही, असा निर्णय झाला. १९०८ च्या तिसऱ्या वर्गात पारशी पित्याची मुले होती, पारशी मातेची नव्हती. त्या रिकाम्या जागेत ही मुलगी सापडली.

यानंतर अकरा वर्षांनी, १९३६ साली, घटस्फोटाचा कायदा नव्याने केला तेव्हा विधिमंडळाने व्याख्या दिली: पारशी म्हणजे पारशी झरथुष्ट्री. कोशकाराने असे लिहिले असते तर त्याची थट्टा झाली असती, कारण ज्या शब्दाचा अर्थ सांगावयाचा तोच अर्थात आला आहे. पण तिच्यामागील हेतू कळतो. पहिला शब्द वंश सांगतो, दुसरा धर्म, दोन्ही हवेत. मग याच कायद्यात घटस्फोटाचे एक कारण म्हणून, प्रतिवादी पारशी राहिला नाही, असे दिले आहे. अभिप्रेत आहे ते धर्मांतर. पारशी असणे ही रक्ताची गोष्ट असेल तर माणूस पारशी राहत नाही कसा? आणि दुसऱ्या कलमाने असेही सांगितले की, पारशी विधीने विवाह केलेल्याने धर्म बदलला तरी तो विवाह विधिवत् मोडेपर्यंत त्याचे बंधन सुटत नाही.

ही दक्षता अनाठायी नव्हती. १९४६ साली मुंबईत एका झरथुष्ट्री इराणी स्त्रीने इस्लाम स्वीकारला, पतीलाही तो स्वीकारण्यास सांगितले, आणि त्याने नाकारताच आपला विवाह संपला असा दावा केला. उच्च न्यायालयाने तो फेटाळला. एका जोडीदाराने धर्म बदलला म्हणून दुसऱ्याचा विवाह त्याच्या पायाखालून काढून घेणे न्यायाचे होणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मग इराणी कोण, हा प्रश्न घटस्फोटाच्या दाव्यातच उभा राहिला. यझ्द व केरमानकडून एकोणिसाव्या शतकापासून आलेले हे लोक मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला त्यांच्या चहाच्या हॉटेलांमुळे परिचित आहेत. १९०८ च्या व्याख्येत ते पारशी होते. १९४८ साली एका इराणी दांपत्याच्या वैवाहिक खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो दुसरा वर्ग मान्य केला नाही. १९५० साली अपिलात तो निर्णय कायम झाला, आणि चाळीस वर्षे प्रमाणभूत समजली गेलेली ती व्याख्या खटल्याच्या निर्णयास आवश्यक नसलेले प्रासंगिक मत होते, बंधनकारक कायदा नव्हे, असेही सांगितले गेले. १९६६ साली याचा पुनरुच्चार झाला. समाजात मात्र त्या तीन वर्गांचा हवाला आजही दिला जातो. न्यायालयाने सोडून दिलेली व्याख्या लोकांनी धरून ठेवल्याचे असे उदाहरण विरळा.

प्रतिनिधींची पद्धत स्वतंत्र भारतातही चालू राहिली. १९३६ च्या कायद्यातील सात प्रतिनिधींचे १९८८ साली पाच झाले. सुरतेपासून फार दूर नसलेल्या वलसाडच्या एका पारशी स्त्रीने १९९१ साली विशेष विवाह कायद्यान्वये हिंदू पतीशी विवाह केला होता. आईवडिलांच्या अंत्यविधीस आपल्याला जाता यावे, एवढेच तिचे मागणे. २०१२ साली गुजरात उच्च न्यायालयाने, दोन विरुद्ध एक अशा मताने, विवाहानंतर तिने पतीचाच धर्म घेतला असे समजावे, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या अंजुमनने अंत्यविधीपुरती तिला येऊ देण्याची तयारी दाखविली. शब्दाच्या अर्थाचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. शबरीमलाच्या पुनर्विलोकनाच्या वेळी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मोठ्या पीठापुढे जावयाच्या प्रश्नांत त्याचाही उल्लेख झाला.