तुघलकाबाद : शाप आणि इतिहास

दिल्लीच्या दक्षिणेस, मेहरौलीहून बदरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खडकाळ टेकडीवर तुघलकाबादचे अवशेष पसरले आहेत. १३२० मध्ये सत्तेवर आलेल्या गियासुद्दीन तुघलकाने अल्पावधीत हे नगर उभारले. तटबंदीचा घेर सुमारे साडेसहा किलोमीटरचा. येथील राजवाड्याच्या सोनेरी विटा आणि वितळलेले सोने ओतलेला हौद यांची ख्याती पुढे इब्न बतूताने नोंदविली. परंतु राजधानी म्हणून या नगराचे आयुष्य जेमतेम काही वर्षांचे ठरले.

लोकपरंपरा याचे कारण एका शापात शोधते. सुलतानाने मजूर अडवून ठेवल्यामुळे निजामुद्दीन औलियांच्या विहिरीचे काम थांबले. तेव्हा हे नगर उजाड राहील किंवा येथे गुजर वसतील, असे ते उद्गारले, अशी ही कथा. बंगालच्या मोहिमेवरून परतणाऱ्या सुलतानाला उद्देशून त्यांनी काढलेला 'दिल्ली अजून दूर आहे' हा उद्गार तर मराठी बोलण्यातही रुळला आहे. १३२५ मध्ये अफगाणपूर येथे लाकडी मंडप कोसळून सुलतान मरण पावला. बरनी त्याचे कारण वीज सांगतो, तर इब्न बतूता कटाचा संशय घेतो. त्याच वर्षी औलियाही निवर्तले.

शापकथा सर्व दोष एका क्षणावर ठेवते. इतिहासाला मात्र अनेक कारणे दिसतात. उंच, खडकाळ जागी पाण्याची भिस्त मुख्यतः बांध घालून साठविलेल्या पाण्यावर होती. मुहंमद तुघलकाने शेजारी आदिलाबाद आणि पुढे जहाँपनाह उभारले. १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे दुसरी राजधानी केली. फिरोजशहाने १३५४ मध्ये यमुनेकाठची जागा निवडली. राजाश्रय हाच ज्या नगराचा पाया, तो आश्रय हलताच ते नगर खचले. 'उजाड' हा शब्दही पूर्ण सत्य नव्हे. तटाच्या आत गाव नांदत राहिले. २०२३ मध्ये येथील अतिक्रमित ठरविलेली शेकडो घरे पाडण्यात आली, तेव्हा या तथाकथित निर्जन नगरातील माणसे बेघर झाली.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या ऱ्हासाची दुसरी बाजू दक्षिणेत आढळते. दौलताबादला गेलेल्यांत इसामीचे कुटुंब होते; त्याने 'फुतूह-उस्-सलातीन' हे काव्य १३५० मध्ये बहमनी आश्रयाखाली पूर्ण केले. सारी दिल्ली ओस पडली, हे त्याचे कथन आज अतिशयोक्त मानले जाते. स्थलांतर मुख्यतः उमराव, विद्वान आणि सूफी यांचे होते. त्यांच्याबरोबर आलेली बोली मराठी, तेलुगू आणि कन्नड यांच्या सहवासात वाढली आणि तिच्यातून दखनी साहित्य उदयास आले. औलियांची संभाषणे 'फवाइद-उल्-फुआद'मध्ये टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी खुलदाबादेत चिरनिद्रा घेत आहे. ज्यांच्या शापाने तुघलकाबाद ओस पडले असे दिल्ली सांगते, त्यांची वाणी जपणाऱ्याला मराठी मुलुखाने आसरा दिला.