लक्ष कुठंय तुझं?

अशोक विजयादशमी उलटली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. उचल घेतलेली असते, ती यंदा फिटेल का ठाऊक नसते. गाडी कधी येणार, फड कुठला मिळणार, आजीजवळ ठेवलेली लेकरं नीट राहतील का, कशाचंच उत्तर हाती नसतं. अशा दिवसांत दूध उतू जातं, एकच गोष्ट तीनदा विचारली जाते, पोर पुस्तक उघडून नुसतं बसतं. मग घरातलं कुणीतरी खेकसतं, “लक्ष कुठंय तुझं?”

लक्ष असतं, पण ते पहाऱ्यावर गेलेलं असतं.

मेंदूच्या देठाशी पेशींचा एक लहानसा, निळसर पुंजका आहे. अचानक काही बदललं की तो नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन मेंदूभर पाठवतो. ‘हातातलं सोड, आजूबाजूला बघ,’ असा तो निरोप असतो. दुसरं रसायन ॲसिटिलकोलिन. पावसाचा भरवसा नाही हे आधीच माहीत असतं, तशा नेहमीच्या अनिश्चिततेत ते सांगतं, ‘जुन्या अंदाजावर विसंबू नको, समोरचं नीट बघ.’ दोन मेंदूशास्त्रज्ञांनी २००५ साली ही मांडणी केली.

फडात साप निघाला तर हाच पहारा जीव वाचवतो. पण तो महिनोन्‌महिने उठलाच नाही तर झोप उडते, चिडचिड वाढते, हातातल्या कामावर मन ठरत नाही. लंडनमधल्या २०१६ च्या एका प्रयोगात हाताला विजेचा झटका दिला जाई. तो नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण ‘बसेल की नाही’ अशा निम्म्या शक्यतेत आला.

तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊस जाण्याआधी, पैशाची ओढाताण असताना, त्यांना बुद्धीच्या चाचण्यांत कमी गुण मिळाले. पैसे हाती आल्यावर त्याच माणसांना जास्त मिळाले. म्हणून पोराला मठ्ठ, बाईला विसरभोळी म्हणण्याआधी तिच्या डोक्यावरचा भार बघावा.

सगळी अनिश्चितता आपल्या हाती नाही. जेवढी आहे तेवढी कमी करू या.

• उचल किती, दर किती, फिटली किती हे वहीत लिहा. मुकादमाची सही घ्या.

• लेकरांना फोन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळीच करा. वाट बघण्याला मुदत मिळते.

• तंबाखू, मिश्रीतलं निकोटिन ॲसिटिलकोलिनचं सोंग घेतं. घटकाभर तरतरी येते, मग तलफच लक्ष खाते.

• झोपण्याआधी दहा मिनिटं श्वास सावकाश सोडत बसा. विहारात आनापान करणाऱ्यांना हे नवं नाही.

• दोन आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ‘टेली-मानस’ची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं.