अनियमित अस्थी आणि अब्दुल लतीफ बगदादी यांचे निरीक्षण

प्रौढ मानवाच्या सांगाड्यात साधारणतः 206 अस्थी असतात. आकारानुसार त्यांचे लांब, आखूड, चपट्या असे वर्ग पडतात. यांपैकी कशातही न बसणाऱ्या, गुंतागुंतीच्या आकाराच्या अस्थींना अनियमित अस्थी म्हणतात. पाठीचा मणका हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचा पुढचा भाग शरीराचा भार पेलतो, मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि बाजूच्या व मागच्या कंगोऱ्यांना स्नायू जोडलेले असतात. म्हणजे आकार अनियमित असला तरी निरर्थक नसतो.

खालचा जबडाही याच वर्गातला. तो हनुवटीपाशी जोडलेल्या दोन अस्थींचा असतो, असे ग्रीक वैद्य गॅलेन, म्हणजेच अरबी-उर्दू ग्रंथांतील जालिनूस, याचे मत होते. ते हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. इ.स. 1200 ते 1202 या काळात इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी तेथे असलेले अब्दुल लतीफ बगदादी (1162–1231) यांनी कैरोजवळील अल-मक्स येथे मृतांच्या अस्थी तपासल्या. दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्यावर जबड्यात कोठेही सांधा नाही, अशी नोंद त्यांनी केली.

नवजात अर्भकात जबड्याचे दोन भाग असतात. ते पहिल्या वर्षातच एकजीव होतात. प्रौढांबाबत बगदादींचे निरीक्षण अचूक ठरले. जालिनूसविषयी त्यांना आदर होता. तरी डोळ्यांची साक्ष त्यांनी अधिक विश्वसनीय मानली. अस्थींची नावे पाठ करून घेताना विद्यार्थ्यांच्या हाती प्रतिकृती देणे म्हणूनच आवश्यक आहे.