पार्सल पोहोचलंच नाही तर?

कपाटातल्या जुन्या साड्या मी हल्ली मोबाइलवरून विकते. शेजारणी विचारतात, ‘अगं, पार्सल पोहोचलंच नाही तर?’ होतं तसंही. नाशिकच्या एका ताईंना पैठणी मिळेना. त्या १८०० रुपये परत मागू लागल्या. अशा वेळी पैशांचं बोलण्याआधी पावती काढावी. स्पीड पोस्टच्या पावतीवर १३ अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. तो पोस्टाच्या संकेतस्थळावर टाकला, तर शेरा दिसला, ‘दार बंद’! ताई माहेरी गेलेल्या. ‘पोस्टातून घेऊन या, नाहीतर साडी माझ्याकडे परत येईल,’ असं कळवलं, त्यांनी आणली. पण परत आलीच, तर पुन्हा धाडायचा खर्च कुणाचा, हे मैत्रिणींनो, विकतानाच ठरवा. पावतीची शाई पुसट होते बरं का, लगेच फोटो काढून ठेवा.