आरशातले शत्रू

जुनी आर्केड यंत्रे विकत घेऊन घरातच खेळघर थाटणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. श्रीमंती नाद म्हणून त्यांना हसण्याआधी ते नेमके काय जपतात, हे पाहावे.

ताइतो या जपानी कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवला. त्याचा पडदा कृष्णधवल. रंग दिसत ते वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. उभ्या यंत्रात तर खेळणाऱ्याला पडदा थेट दिसतच नसे. तो आत खाली बसवलेला असे आणि अर्धपारदर्शक आरशातले त्याचे प्रतिबिंब मागच्या चंद्रभूमीच्या चित्रावर तरंगे. शत्रू मरत जातील तसे उरलेले वेग घेत, कारण काढायची चित्रे घटली की प्रोसेसरचे ओझे हलके होई. हा वेग निशिकादोंनी मुद्दाम राहू दिला, हे मला त्यांचे खरे कसब वाटते.

१९९७मध्ये ‘मेम’ ही प्रणाली आली आणि जुने खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. चिपमधली आज्ञावली वाचली. आरसा मात्र लाकडी खोक्यातच राहिला.

म्हणून जाणता संग्राहक आधी पिक्चर ट्यूब तपासतो. ‘पॅक-मॅन’चा चक्रव्यूह वर्षानुवर्षे एकाच जागी उमटून काचेत इतका मुरतो, की यंत्र बंद असतानाही दिसतो. तेथे एलसीडी पडदा बसवणे सोपे आणि स्वस्त. मी तो डाग पत्करीन. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांची गत वेगळी: खेळ उलगडणारी किल्ली बॅटरीच्या आधाराने टिकते, तेव्हा विकत घेतल्यावर पहिले काम बॅटरीचे.